मदत हवी आहे: .३२ बोअरच्या शस्त्राचा परवाना मिळाला, पण सराव करायचा कुठे? (कोल्हापूर)

चांदीकाम_हुपरी

नमस्कार. आमचं हुपरीत चांदीचं काम आहे, पैंजण आणि वाळे. तयार माल कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात पोचवायचा, हिशेब करायचा, मोड (मोडीची चांदी) किंवा रोकड घेऊन परत यायचं, हे वडिलांनंतर मी बघते. परतीला पट्टणकोडोलीच्या आसपास बहुतेक वेळा अंधारच असतो. पोलीस पडताळणी, फॉर्म एस-१ चं शस्त्रसुरक्षेचं प्रशिक्षण सगळं रीतसर झालं आणि स्वसंरक्षणाचा परवाना हातात आला. शस्त्र अजून घेतलेलं नाही, आणि मला ते घाईत घ्यायचं नाही.

अडचण सरावाची आहे. एका क्लबात चौकशी केली, तर तिथं फक्त १० मीटर, तेही एअर पिस्तूल. दुसरीकडे २५ मीटरची सोय आहे, पण "खेळाडू असाल तर या, स्वसंरक्षणाच्या परवान्यावरचं शस्त्र आत आणता येणार नाही" असं सांगितलं. त्यांचीही काही कारणं असतील, जबाबदारी त्यांच्यावर येते. पण मग माझ्यासारखीनं करायचं काय? राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण आणलं, तेजस्विनी सावंत २०१० ला जगज्जेती झाली, राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला कांस्य मिळवलं. इतके नेमबाज दिलेल्या जिल्ह्यात परवानाधारकाला स्वतःचं शस्त्र सुरक्षितपणे चालवून बघायला जागा मिळू नये, याचं मला खरंच वाईट वाटतं. कमरेला लावायचं आणि वर्षानुवर्षं एक गोळी झाडायची नाही, हे मला पटत नाही. त्यापेक्षा न बाळगलेलं बरं.

परवान्यावर एका वेळी ५० आणि वर्षाला १०० काडतुसं आहेत. ९ एमएम आपल्याला चालत नाही, त्यामुळे .३२ च. दुकानात निर्भीक आणि प्रबल ही रिव्हॉल्व्हर आणि अशनी हे पिस्तूल, अशी नावं सांगितली. निर्भीक जेमतेम अर्धा किलोचं, "लेडीजसाठीच आहे" असं दुकानदार म्हणाले. वजन हलकं म्हणून घ्यावं का? आणि सरावाच्या जागेची ही स्थिती असताना कोणतं शस्त्र निवडणं शहाणपणाचं?

अजून एक. मी पंजाबी ड्रेस घालते. पर्समध्ये ठेवावं की कमरेला? चप्पल लाईनमधल्या ओळखीच्या कारागिराकडून चामड्याचं होल्स्टर शिवून घ्यायचा विचार आहे.

आमचे एक नातेवाईक म्हणतात, रेंज कशाला, उसाच्या फडात जाऊन चार बार काढ. हे मला धोक्याचं वाटतंय. जाणकारांनी सांगावं.

टाकळीचा_फौजी

ताई, शेवटचं आधी. फडात अजिबात जाऊ नका. दाट उसात दहा पावलांवर माणूस बसलेला दिसत नाही. तोडणीच्या टोळ्या, वैरणीला आलेल्या बायका, पोरं, कोणीही असतंय. .३२ ची गोळी नेमाला पंधरा-वीस मीटरची म्हणतात, पण चुकलेली गोळी किलोमीटरभर जाऊन माणूस जायबंदी करू शकते. मागं मातीचा उंच बांध नसेल तिथं बार काढायचा नाही, हे आम्हाला फौजेत पहिल्या दिवशी शिकवलं. कायद्यानंही २०१९ च्या दुरुस्तीपासून दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजी गोळीबार हा वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. परवाना तर जाईलच.

आता शस्त्र. हलकं चांगलं हा गैरसमज. तेच काडतूस हलक्या शस्त्रात जास्त झटका देतं, आणि ज्याला वर्षात मोजके बार काढायला मिळणार त्याला झटका जास्त त्रास देतो. निर्भीक सुबक आहे, दिवसभर अंगावर जाणवणार नाही, पण नेम राखायला थोडं वजन मदत करतं. कमी सराव मिळणाऱ्याला मी पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हरच सांगीन. पिस्तुलात मॅगझीन, सेफ्टी, स्लाइड ओढणं, काडतूस अडकलं तर ते काढणं, हे सगळं हाताला सवयीचं व्हावं लागतं. मॅगझीन काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी, एक काडतूस राहू शकतं आणि अपघात तिथंच होतात. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर उघडला की सगळं डोळ्यासमोर. एक काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर येतं.

किंमत विचारायच्या आधी एक काम करा. रिकामं शस्त्र दुकानदाराकडून तपासून हातात घ्या, सुरक्षित दिशेला धरा आणि घोडा (मागचा हातोडा) न चढवता नुसता चाप ओढून बघा. हा लांब आणि जड ओढा असतो. ओढताना माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) खाली झुकते का ते बघा. लागोपाठ आठ-दहा वेळा जमलं तर ते शस्त्र तुमच्या हाताचं. बोट पोचत नसेल, दोन बोटं लावावीशी वाटत असतील, तर नाव कितीही मोठं असो, सोडून द्या.

पंचवीस_मीटर

मी खेळातली आहे, म्हणून सरावाबद्दल लिहिते.

१० मीटरच्या क्लबला नाही म्हणू नका. .१७७ बोअरच्या, २० ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, छर्रे स्वस्त, आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत तुमचं शस्त्र पोलीस ठाण्यात जमा असेल तेव्हाही सराव चालू राहतो. उभं राहणं, श्वास, माशीवर नजर ठेवणं, बार झाल्यावरही हात न सोडणं, हे सगळं तिथं पक्कं होतं. फक्त एक गोष्ट शिकायला मिळत नाही, ती म्हणजे चाप. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा चाप ५०० ग्रॅमला सुटतो, तुमच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा न चढवता ओढलात तर काही किलोंचा. झटकाही नाही.

चापासाठी घरी कोरडा सराव, म्हणजे खरी काडतुसं न भरता. खोली एक ठरवा आणि काडतुसं त्या खोलीत आणायचीच नाहीत, ती दुसऱ्या खोलीत कुलपात. सिलिंडर उघडून डोळ्यांनी आणि बोटानं, दोन्हीनं तपासा. डमी काडतुसं भरा. समोर दगडी किंवा पक्की भिंत हवी, जिच्यापलीकडे कोणी झोपत नाही. नळीवर माशीच्या मागे रुपयाचं नाणं ठेवा आणि ते न पडता चाप ओढा. जमायला लागलं की वेळ लावा. २५ मीटर पिस्तुलाच्या रॅपिड टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद समोर येतं आणि सात सेकंद बाजूला वळलेलं राहतं. हात ४५ अंशांत खाली, तीन सेकंदांत उचलून एक बार, मग थांबायचं. हाच ताल घरी घ्या. पंधरा मिनिटं पुरे. सराव संपला की मोठ्यानं "संपला" म्हणा, शस्त्र कुलपात टाका आणि त्यानंतर "अजून एकदाच" असं करू नका. घरातले बरेच अपघात त्या एकदाच्या वेळी होतात.

खऱ्या काडतुसांसाठी तोंडी चौकशीवर थांबू नका. क्लबला आणि राज्य रायफल असोसिएशनला लेखी विचारा की सेंटर फायर पिस्तुलाच्या (मोठ्या काडतुसाचा क्रीडाप्रकार) सरावासाठी सदस्यत्व मिळेल का. .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, म्हणजे .३२ रिव्हॉल्व्हरचंच काडतूस, हे त्या क्रीडाप्रकारातलं जुनं, मान्य काडतूस आहे, त्यामुळे मागणी अवाजवी नाही. परवान्याच्या उद्देशात सरावाची नोंद करता येते का, हेही जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन विचारा. आणि पोलीस अधीक्षकांना एक पत्र, परवानाधारकांसाठी देखरेखीखाली फायरिंगचा दिवस ठेवण्याबद्दल. चार-पाच जणांनी मिळून दिलं तर जास्त बरं.

मिळतील ते बार एका दिवशी संपवू नका. थोडे थोडे, वर्षभर पसरून. बाळगायची काडतुसं दरवर्षी सरावात वापरून टाका आणि नवीन भरा, घामानं आणि दमटपणानं ती खराब होतात.

गुजरी_कट्टा

पर्समध्ये नको, ताई. चोर आधी पर्सच ओढतो, म्हणजे मालाबरोबर पिस्तूलही त्याच्या हातात. कमरेला, कुर्त्याखाली, पक्क्या पट्ट्यावर. होल्स्टरचं चामडं जाड आणि साच्यावर बसवलेलं असावं, चाप पूर्ण झाकणारं. मऊ चामडं दुमडून आत शिरलं तर चापावर दाब येतो. आणि कारागिराकडे शस्त्र ठेवून यायचं नाही, परवाना तुमच्या नावावर आहे. मापाचा लाकडी नमुना करून द्या.

परवान्यावरचं क्षेत्र बघितलंत का? फक्त महाराष्ट्र असेल तर निपाणी-बेळगावच्या फेरीला ते घरी ठेवूनच जावं लागेल. हुपरीकरांना हे फार जवळचं आहे.

राग येऊ देऊ नका, पण शस्त्रापेक्षा वेळ बदला. दुपारी माल पोचवा, सोबत एक माणूस ठेवा, मालाचा विमा करा, रोकड कमी करून बँकेतून घ्या.

चांदीकाम_हुपरी

सगळ्यांचे मनापासून आभार. राग कसला, वेळ बदलायचं मी आजच दोन पेढ्यांशी बोलले, एक तयार झाली. परवान्यावर महाराष्ट्रच आहे, त्यामुळे निपाणीच्या फेरीला भाऊ सोबत येईल आणि शस्त्र घरी राहील. एअर पिस्तुलासाठी १० मीटरच्या क्लबात नाव घालते आहे. पोलीस अधीक्षकांच्या पत्राचा मसुदा करते. कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूरकडचे जे परवानाधारक सही करतील त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवा, पत्ता किंवा परवाना क्रमांक इथं उघड लिहू नका.

फौजी काका, एवढंच अजून सांगा. प्रबलचा सिलिंडर बाजूला उघडतो, जुन्या मार्क रिव्हॉल्व्हरची नळी खाली मोडते आणि रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर येतात. माझा पंजा लहान आहे. काळोखात, घाबरलेल्या हातानं यातलं कोणतं सोपं पडेल?