मदत हवी आहे : रिठी मौजा कोणत्या ग्रामपंचायतीत येतो?

नमस्कार मंडळी. कुही तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती आहे. सातबारावर मौजा 'रिठी', म्हणजे गाव फक्त महसुली नकाशात. वस्ती नाही, मारुतीचा पार तेवढा उरलाय. मातोश्री योजनेतून पांदण रस्ता व्हावा म्हणून ग्रामसभेचा ठराव पाहिजे. शेजारच्या दोन्ही ग्रामपंचायती म्हणतात, आमच्या हद्दीत नाही. सातबारा पटवाऱ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं!) मिळतो, पण ठराव पंचायतीचाच लागतो. मौजा कोणत्या गट ग्रामपंचायतीला जोडला आहे, हे कागदावर कुठे सापडेल? तहसीलमध्ये, पंचायत समितीत की थेट जिल्हा परिषदेत? उमरेड-भिवापूरकडे कोणी असं प्रकरण निपटवलं असेल तर सांगा ना जी. पावसाळ्यात तिथं बंडीही जात नाही.