राय धान्य खाद्यात घातल्यापासून पिल्लांची शीट चिकट – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मी गोराई गावात राहते. घरामागे आईच्या वेळेपासूनचं खुराडं आहे. सध्या अंड्यावरच्या १४ कोंबड्या आणि तीन आठवड्यांची ११ पिल्लं आहेत.

ओळखीच्या एका बेकरीवाल्याकडून राय धान्याच्या दोन गोण्या स्वस्तात मिळाल्या. राय म्हणजे मोहरी नव्हे. गव्हासारखाच, पण बारीक, लांबट, हिरवट-करडा दाणा असतो. मका महाग झालाय, म्हणून निम्म्या मक्याच्या जागी हे भरडून घातलं. सोयापेंड आणि सुकटीचा चुरा नेहमीसारखाच.

पाचव्या दिवसापासून पिल्लांची शीट पातळ आणि इतकी चिकट की बोटाला लागली तर तार सुटते. बुडाला वाळून बसते, कोमट पाण्याने भिजवून हलकेच सोडवावी लागते. काल एकीची पिसं त्या शिटेसोबत उपटून आली, फार वाईट वाटलं. खाली अंथरलेल्या तुसाची ओली ढेकळं झालीत. पिल्लं खातात भरपूर, पण हातात घेतली की हलकी लागतात. मोठ्यांची अंडी तेवढीच आहेत, फक्त कवचं मळकी येतात.

शिटेत रक्त नाही, म्हणजे कॉक्सिडिया (आतड्यातल्या परजीवींमुळे होणारी हगवण) नसावा. हे रायमुळेच होतंय का? मोठ्यांनाही बंद करू का?

प्रतिसाद
ताई, पिल्लांचं राय आजच बंद करा. त्यात अरेबिनोझायलान नावाचा तंतुमय पदार्थ असतो. तो पाण्यात विरघळला की आतड्यातलं अन्न खळीसारखं घट्ट होतं आणि पाचक रस त्यात नीट मिसळत नाहीत. सगळ्यात जास्त फटका स्निग्ध पदार्थांच्या पचनाला बसतो, त्यांच्याबरोबर ड जीवनसत्त्वही कमी शोषलं जातं. न पचलेल्या अन्नावर क्लॉस्ट्रिडियमसारखे जंतू वाढतात, ही खरी भीती. दळून किंवा भरडून चिकटपणा जात नाही. तो तंतू तोडायला झायलेनेज एन्झाइम लागतं. मोठ्या कोंबड्या थोडं राय सोसतात, पण निम्मं फार झालं.

दाणे सुपात पसरून बघा. काळे-जांभळे, शिंगासारखे लांब दाणे दिसले तर तो अरगट, बाजरीवर येतो त्याच जातकुळीतली बुरशी. तसं असेल तर गोणी कुणालाच घालू नका. आणि रक्त नाही म्हणून कॉक्सिडिया नाही असं धरून चालू नका. ताजी शीट परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा.

धागाकर्ती
मनापासून आभार. पिल्लांना मका-सोयाच सुरू केलंय, तूस बदललं. उघडी गोणी पाखडली, काळा दाणा एकही नाही. उद्या पहिल्या बोटीने खाडी ओलांडून परळला जाते. मोठ्यांचं राय तूर्त बंद. झायलेनेज पाव-अर्धा किलो सुटं मुंबईत कुठे मिळेल?