सात वर्षांच्या हातात पूर्ण मापाचं व्हायोलिन नको

ताई, मुलगी सात वर्षांची आहे, वाढतं वय म्हणून पूर्ण मापाचंच घेऊ का, असं तुम्ही विचारलंत. कृपा करून घेऊ नका. तिला डावा हात सरळ पसरायला सांगा. खांद्यावर ठेवलेल्या वाद्याचं टोक तळहातात यावं आणि बोटं त्याभोवती सहज वळावीत. या वयाला बहुधा पाव किंवा अर्धं माप बसतं. मोठ्या वाद्यावर करंगळी पोचत नाही, खांदा वर चढतो. ती सवय मोडताना मुलं रडलेली मी धरमपेठेतल्या माझ्या वर्गात पाहिली आहेत.

सुरुवातीला गाणी वाजवायची घाई नको. सा-प-सा-प अशा मिळवलेल्या मोकळ्या, म्हणजे बोटाने न दाबलेल्या तारांवर गज (वाजवायची काठी) घोडीला, म्हणजे तारांखालच्या उभ्या लाकडी पट्टीला, समांतर, संथ फिरू द्या. रोज दहाच मिनिटं, पण रोज. आणि आधी सरगम गाऊन घ्या. या वाद्याला सतारीसारखे पडदे नसतात, बोट कुठे ठेवायचं ते कानच सांगतो. व्हायोलिनवादक पं. डी. के. दातारांचं वादन ऐकवा, गायकी अंग, म्हणजे गळ्यातून गायल्यासारखं वाजवणं, म्हणजे काय ते लहान मुलांनाही कळतं.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याचंही सांगतो. 45 अंशांच्या कोरड्या हवेत तारा ताणणाऱ्या खुंट्या सैल पडतात, सगळ्या तारा एकदम उतरल्या तर घोडी पडते, कधी वाद्याच्या पोटात उभा असलेला छोटा लाकडी खांबही. वाद्य पेटीत बंद ठेवा, कूलरच्या झोतात नको, उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नको. खुंटी पिळताना हलकेच आत दाबावी लागते, पण हे काम सध्या तुम्हीच करा.