शब्दचर्चा : 'आप्रवासी', 'क्रिओल' आणि मागे 'राहिलेला' समाज

अनुस्वार

मंडळी, एका मासिकासाठी मॉरिशसवरचा लेख तपासतोय. त्यातलं एक वाक्य असं : "मॉरिशसमधील भारतीय आणि आफ्रिकी हे दोन्ही आप्रवासी समाज. पहिला पुढे गेला, दुसरा मागे राहिला." व्याकरणात काही चूक नाही, पण वाचताना खडा लागतो. 'आप्रवासी'ऐवजी काय वापरावं? स्थलांतरित? आणि ज्यांना तिथे क्रिओल म्हणतात त्या गुलामांच्या वंशजांना 'आफ्रिकी' म्हटलेलं चालेल का? शिवाय लेखकाने 'आउटकम्स'चं 'सामाजिक-आर्थिक फलनिष्पत्ती' केलंय. एवढ्या थाटाची गरज आहे का?

शब्दवेडा

'फलनिष्पत्ती' सरळ काढून टाका. 'दोन्ही समाजांची आजची स्थिती' म्हटलं की काम होतं.

'स्थलांतरित' मला इथे पटत नाही. मराठीत या शब्दामागे परतीची वाट असते. ऊसतोडीला गेलेली टोळी स्थलांतरित, हंगाम संपला की गावी येणार. ज्यांच्या पाच-सहा पिढ्या एकाच बेटावर गेल्या त्यांना स्थलांतरित म्हणणं म्हणजे त्यांना कायम फलाटावर उभं ठेवणं. 'आप्रवासी' शुद्ध आहे, पण सरकारी वळणाचा. त्यात हिंदीतला 'अप्रवासी' आपल्या कानावर असतो, त्यामुळे निम्मे वाचक तो 'एनआरआय' या अर्थी वाचतील. 'भारतीय वंशाचे' आणि 'आफ्रिकी वंशाचे' लिहा, प्रश्न मिटला.

दर्यावर्दी

मिटत नाही हो. वंश लिहिला तरी 'दोन्ही' हा शब्द तिथेच बसून राहतो, आणि खरी अडचण त्याचीच आहे.

मॉरिशसला मूळनिवासी नाहीत. माणसांची पहिली वसाहत डचांची, १६३८ची. म्हणजे बाहेरून तर सगळेच आले. पण मराठीत 'आला' आणि 'आणला' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, आणि इथे सगळा फरक त्यांच्यातच आहे. फ्रेंच मळेवाले आले. मादागास्कर आणि मोझांबिकच्या बाजूची माणसं विकत घेऊन आणली गेली. भारतातले मजूर करारावर नेले गेले. कराराचा मजकूर किती जणांना कळला होता हा वेगळा प्रश्न, पण करार होता, त्याला मुदत होती आणि मुदत संपल्यावर माणूस मोकळा होता. तिघांना एकच 'आप्रवासी' लावलं की शर्यत एकाच रेषेवरून सुरू झाल्यासारखी वाटते. मग पुढचं 'पुढे गेला, मागे राहिला' आपोआप गुणदोषांचा निकाल होऊन बसतं.

जरा जवळून बघा. १ फेब्रुवारी १८३५ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. ब्रिटिश सरकारने त्यासाठी नुकसानभरपाई दिली. मॉरिशसच्या वाट्याला वीस लाख पौंडांहून जास्त रक्कम आली. कोणाला? मालकांना. 'आमची मालमत्ता गेली' म्हणून. जे मोकळे झाले त्यांना छदामही नाही. उलट १८३९पर्यंत त्याच मालकांकडे 'उमेदवारी'च्या, म्हणजे शिकाऊ कामगाराच्या, नावाखाली राबावं लागलं. मोकळं होताच बहुतेकांनी मळ्याकडे पाठ फिरवली, आणि कोण नाही फिरवणार? कोणी किनाऱ्यावर मासेमारीला गेलं, कोणी सुतारकाम-गवंडीकामाला, कोणी पोर्ट लुईच्या गोदीत.

त्यांची जागा भरायला माणसं हवी होती, ती भारतातून नेली. २ नोव्हेंबर १८३४ला 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ जण उतरले. १९१०पर्यंत हा आकडा साडेचार लाखांच्या आसपास गेला. बहुतेक आजच्या बिहार-उत्तर प्रदेशातले, काही मद्रास बंदरातून, काही मुंबई बंदरातून. आपल्या कोकणातलेही त्यात होते. तिथला मराठी समाज त्यांचाच.

आता कागद बघा. मजूर उतरला की त्याची नोंद व्हायची : क्रमांक, नाव, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा, अंगावरची खूण. पुढे फोटोही. हे सगळं नजर ठेवायला केलं होतं, प्रेमापोटी नाही. पण ती दप्तरं आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत आणि खापरपणजोबांचं गाव शोधत माणसं तिथे जातात. गुलामांच्या नोंदवहीत बहुधा मालकाने ठेवलेलं नाव. बापाचा रकाना नाही, गाव नाही. एकाचं गाव हरवलं नाही, दुसऱ्याचं नावसुद्धा उरलं नाही. याला एकच शब्द कसा लावायचा?

आडवाट

दर्यावर्दी, मुद्दा मान्य, पण तराजू दुसऱ्या बाजूला झुकवू नका. तुमच्या लिहिण्यातून करारी मजूर म्हणजे जावईबापू वाटायला लागलेत.

एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायचे. ही रीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चालू होती. मुदत संपलेल्या मजुरालाही पास जवळ बाळगावा लागे. तो नसला की 'भटक्या' म्हणून पोलीस उचलत. मळ्याबाहेर नातेवाइकाला भेटायला जायचीही चोरी. हे इतकं बोकाळलं की १८७१मध्ये आदॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका मळेवाल्याने मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे नेला आणि पुढच्या वर्षी चौकशीसाठी शाही आयोग आला. त्यातून ही माणसं वर आली. 'त्यांना संधी मिळाली' एवढंच म्हणून त्यांच्या कष्टाचं श्रेय काढून घेऊ नका.

आणि हो, 'गिरमिटिये' ('अ‍ॅग्रीमेंट'चं गिरमिट, म्हणजे करारी मजूर) लिहू नका. तो शब्द फिजीत घट्ट रुजला, मॉरिशसमध्ये तितका नाही. तिथे शिवी म्हणून 'कुली' होता. ज्या घाटावर ही माणसं उतरली तो कुली घाटच म्हणवला जायचा. आता तो आप्रवासी घाट आहे आणि २००६पासून जागतिक वारसास्थळ. त्यामुळे निदान भारतीयांसाठी 'आप्रवासी' हा शब्द तिथल्या लोकांनी स्वतः उचललाय, हे संपादकांनी ध्यानात घ्यावं. (शिवाय मराठी वाचकाला गिरमिट म्हटलं की सुताराचं भोक पाडायचं हत्यार आठवणार.)

शब्दवेडा

हे मला ठाऊक नव्हतं. मग 'आप्रवासी' ठेवायला हरकत नाही, पण फक्त भारतीयांना.

दर्यावर्दी

आडवाट, कष्टाबद्दल वादच नाही. पण कष्ट दोघांनीही उपसले. कष्टाचं भांडवल कोणाच्या बाबतीत झालं, हे विचारायला हवं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत साखरेचे भाव पडले. मळेवाल्यांनी कडेच्या, कमी कसाच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. तिथे याला 'ग्राँ मोर्सेलमाँ', म्हणजे मोठी तुकडेपाडणी म्हणतात. घेणारे कोण? पै-पै साठवलेले जुने मजूर आणि मुख्यतः सरदार, म्हणजे मुकादम. मुकादमाकडे पैसा कसा साठतो हे आपल्याला सांगायला नको. त्या तुकड्यांवर ऊस उभा राहिला, शेजारी गाव वसलं, गावात 'बैठका' झाली. हा शब्द तिथे असाच वापरतात, एकवचनी : संध्याकाळी जमायची, भजनाची, अक्षरओळखीची जागा. १९४८मध्ये साधं लिहिता-वाचता येणाऱ्यालाही मताचा हक्क मिळाला, तेव्हा या बैठकांमधलं अक्षरज्ञान मतपेटीत उतरलं. १९५९मध्ये सर्वांना मत, १२ मार्च १९६८ला स्वातंत्र्य, शिवसागर रामगुलाम पंतप्रधान. पुढे सरकारी नोकऱ्या. जमीन, गाव, मत, नोकरी अशी साखळी जुळत गेली.

मोकळ्या झालेल्या गुलामांनीही १८३९नंतर छोटे तुकडे घेतले होते बरं का. हे बहुतेक लेखांत येत नाही. पण पुढच्या पिढ्यांच्या हाती त्यातलं फारसं उरलं नाही. मॉरिशसच्या सत्य आणि न्याय आयोगाने २०११मध्ये अहवाल दिला, त्यात जमिनी गिळंकृत झाल्याच्या तक्रारींचा मोठा भाग आहे. गोदीतली कामं हा क्रिओल वस्त्यांचा मोठा आधार होता. १९८०मध्ये साखर थेट जहाजात ओतणारं यांत्रिक टर्मिनल सुरू झालं आणि पाठीवर पोती वाहणारे हात रिकामे झाले. यात आळस कुठे आला?

म्हणून माझा आक्षेप 'राहिला'वर आहे. मराठीत मागे पडणं, मागे राहणं आणि मागे ठेवणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 'पडला' म्हटलं की निदान काहीतरी घडलं असं वाटतं. 'राहिला' म्हटलं की वाटतं, बसला असेल झाडाखाली. 'ठेवला'त ठेवणारा दिसतो.

अनुस्वार

हे फार उपयोगी. पण मग 'ठेवला' लिहू का? कोणी ठेवला, असं वाचक विचारेल. भारतीय वंशाच्या सत्ताधाऱ्यांनी? की मळेवाल्यांनी?

आणि 'आफ्रिकी'चं काय?

आडवाट

'आफ्रिकी' नको. 'क्रिओल'च लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ द्या. शब्द मोठा गमतीचा आहे. मुळात वसाहतीत जन्मलेल्या गोऱ्यालाही तो लावत. मॉरिशसमध्ये फिरत फिरत तो गुलामांच्या वंशजांवर येऊन थांबला. शिवाय तिथल्या भाषेचं नावही तेच, आणि ती भाषा तिथल्या बहुतेक भारतीय वंशाच्या घरांतही बोलतात. म्हणजे क्रिओल बोलणारा प्रत्येक जण क्रिओल नव्हे. उलट बाजूची गंमत म्हणजे त्या भाषेत बिहारी मुळाच्या हिंदूला 'मालबार' म्हणतात! छपऱ्याच्या माणसाला केरळचं नाव. शब्दांना भूगोल कुठे कळतो.

सरकारी कागदावर मात्र क्रिओल हा शब्दच नाही. राज्यघटनेत हिंदू, मुस्लिम आणि चिनी-मॉरिशियन असे तीन समुदाय, आणि 'जीवनपद्धती'वरून या तिन्हींत न बसणारे ते सगळे 'जनरल पॉप्युलेशन'. म्हणजे साखर कारखान्याचा गोरा मालक आणि त्याच्या गोदामातला हमाल एकाच रकान्यात. याला मराठी शब्द काय? 'सर्वसाधारण लोकसंख्या' भाबडं वाटतं. मी 'उर्वरित' म्हणेन.

दर्यावर्दी

'उर्वरित' झकास.

यातून तुमच्या लेखकाची आणखी एक गोची आहे. समुदायवार शेवटची मोजणी १९७२ची. त्यानंतर जनगणनेत समुदाय विचारणंच बंद झालं. धर्म आणि भाषा विचारतात. तेव्हा 'क्रिओलांचं सरासरी उत्पन्न इतकं, भारतीयांचं तितकं' असा सरकारी आकडा लेखात असेल तर आधी तो कुठून आला ते विचारा. कॅथलिक म्हणजे क्रिओल असं धरून काढलेला असेल, तर त्यात गोरे मळेवाले आले, काही चिनी आले, काही तमीळ मुळाचेही आले. 'भारतीय' हाही एक गठ्ठा नव्हे. तमीळ, तेलुगू आणि मराठी मंडळी आपली ओळख 'हिंदू'च्या शेजारी वेगळी सांगतात, आणि उसात राबणारी गरीब घरं त्यांच्यातही आहेत.

कोणी ठेवला, या प्रश्नाचं उत्तर एका क्रियापदात मावणार नाही. पाया मळेवाल्यांनी घातला. पण स्वातंत्र्यानंतर राज्य कोणाच्या हाती होतं, हेही विचारावं लागतं. पॉल बेराँजे यांची २००३ ते २००५ ही वर्षं सोडली तर पंतप्रधान कायम हिंदू समाजातला. शाळेत हिंदी, उर्दू, तमीळ, मराठी या 'पूर्वजांच्या भाषा' म्हणून शिकायची सोय फार आधीपासून. क्रिओल भाषा प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली ती थेट २०१२मध्ये. १९९३मध्ये रॉजे सेर्वो या धर्मगुरूंनी 'मालेझ क्रिओल' म्हणजे क्रिओलांची अस्वस्थता हा शब्दप्रयोग केला आणि तो रूढ झाला. १९९९च्या फेब्रुवारीत काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेटावर दंगली पेटल्या. तेव्हा ती अस्वस्थता बाकीच्यांनाही दिसली. 'मालेझ'ला मराठीत 'असंतोष' करू नका, तो आपल्याकडे आंदोलनाचा शब्द झालाय. मी 'घुसमट' लिहीन.

शब्दवेडा

घुसमट योग्य. 'कुचंबणा'ही चाललं असतं, पण त्यात जरा घरगुती सूर येतो, सासुरवाशिणीची असते तशी.

अनुस्वार

सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलंय : "मॉरिशसमध्ये करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांना जमीन, मतदान आणि सरकारी नोकऱ्यांच्या वाटेने वर येता आलं. गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांना, म्हणजे क्रिओल समाजाला, ही वाट फारशी मिळाली नाही." दोन ओळींच्या तीन झाल्या. लेखकाला 'पुढे-मागे' गेल्याचं वाईट वाटेल, पण सांभाळून घेतो.

आडवाट

'वर येता आलं'च्या आधी 'त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना' घाला. सगळे नाही आले.

अनुस्वार

घातलं. आता 'क्रिओल' की 'क्रेओल'? लेखकाने दोन्ही लिहिलंय, एकाच परिच्छेदात.