मदत हवी आहे: स्वादुपिंडाच्या गाठीत सुई घालू द्यावी का?

नमस्कार मंडळी, आम्ही तासगावचे. अण्णांच्या पट्ट्याला दाभणानं दोन नवी भोकं पाडली, तेव्हा वजनाकडे लक्ष गेलं. सांगलीत सीटी स्कॅन केला, स्वादुपिंडाच्या शेपटाकडे गाठ निघाली. आता एंडोस्कोपीतून जठराच्या भिंतीतून सुई घालून बायोप्सी सांगितलीय.

भावकी म्हणते, सुई लागली की कॅन्सर पसरतो. डॉक्टर म्हणतात, असं क्वचितच होतं. आधी केमो द्यायची तर बायोप्सी लागतेच, थेट ऑपरेशन असेल तर कधीकधी टाळता येते. पण गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे असली की सुई जाते तो आतड्याचा भाग ऑपरेशनमध्ये निघतो. शेपटाच्या ऑपरेशनात सुई गेलेलं जठर तर मागंच राहतं ना? माझी भीती तिथंच अडकलीय.

कुणी यातून गेलंय का? बायोप्सीआधी दुसऱ्या सर्जनना दाखवलं होतं का? अण्णांना अजून फक्त 'गाठ' एवढंच सांगितलंय.