मदत हवी आहे: जाखडीच्या तालमीचा व्हिडिओ यूट्यूबवरून लगेच कसा हटवायचा?

खाडीकाठ (बुधवार, रात्री ११.१०)
एका न्यूज पोर्टलने माझं रेकॉर्डिंग मला न विचारता यूट्यूबवर टाकलंय. ४१ मिनिटं, अख्खंच्या अख्खं, वर त्यांचा लोगो. संपादक फोन उचलत नाहीत. रविवारी बारी आहे, म्हणजे जाखडी या कोकणातल्या नाच-गाण्यातला दोन शाहिरांचा सामना, आणि जाखडीच्या मंडळाची माणसं माझ्यावर भडकलीयत. तक्रार कुठे करायची आणि किती वेळात उतरतं, एवढंच सांगा.

मिऱ्याबंदर
कसलं रेकॉर्डिंग? तुम्ही मंडळाचे की पोर्टलचे? आणि बारीच्या आधी व्हिडिओ आला तर चांगलंच की, गर्दी होईल.

खाडीकाठ
मी मुक्त पत्रकार, रत्नागिरी. शहरातली नाटकं, मैफली, राज्य नाट्य स्पर्धा यांवर लिहितो. यंदा पहिल्यांदा शहराबाहेर पडून संगमेश्वर तालुक्यातल्या एका शक्तीवाल्या शाहिरांवर मोठा लेख केला. रेकॉर्डिंग तालमीचं आहे. त्यात सवाल आहे. गर्दीचं काय घेऊन बसलात!

मिऱ्याबंदर
सवाल म्हणजे? सगळे संगमेश्वरचे नसतात इथे.

तुरेवाल्याचा_नातू
मी सांगतो. जाखडीत शक्ती आणि तुरा असे दोन पक्ष. त्यांच्या सामन्यात गण होतो, गवळण होते, मग एक शाहीर दुसऱ्याला पुराणातला सवाल घालतो, गाण्यातून. समोरच्याने आपल्या पाळीत गाण्यातूनच उत्तर द्यायचं, वर ग्रंथाचा दाखला द्यायचा. हा सवाल शोधण्यासाठी शाहीर महिनोन्‌महिने पोथ्या चाळतात. माझे आजोबा तालमीत सवालाचे शब्द गातच नसत. झीलकऱ्यांकडून, म्हणजे मागे साथ गाणाऱ्यांकडून, नुसती चाल बसवून घ्यायचे. खाडीकाठ, शाहिरांनी तुम्हाला सवाल रेकॉर्ड करू दिला कसा?

खाडीकाठ
विश्वासाने. पडवीत बसलो होतो, बाहेर पाऊस. आबांनी, म्हणजे त्या शाहिरांनी, वही काढली. प्लास्टिकच्या पिशवीतली, दोन रबर लावलेली, पानांवर काताचे डाग. सवालाच्या पानाशी आल्यावर थांबले आणि माझ्या मोबाईलकडे बघून म्हणाले, "बारी होईपर्यंत हे तुझ्यापाशीच ठेव हां." मी हो म्हटलं. ते "हो" दुपारपासून कानात वाजतंय.

कोर्टाची_पायरी
मग पोर्टलकडे गेलं कसं? हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अडलंय.

खाडीकाठ
ड्राइव्हची लिंक मीच दिली. लेख तपासताना गाण्याचे शब्द ऐकून पडताळता यावेत म्हणून. सोबत लिहिलं होतं, "फक्त संदर्भासाठी".

कोर्टाची_पायरी
तो मेसेज जपून ठेवा, स्क्रीनशॉट घ्या. लिंक पाठवली म्हणजे परवानगी दिली, असं होत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे परवाना लेखी लागतो. शिवाय त्या क्लिपमध्ये एकट्या तुमचा हक्क नाही. काव्य शाहिरांचं आहे, आणि गाणाऱ्याचा सादरीकरणाचा हक्क वेगळा, कलम ३८, मुदत ५० वर्षं. म्हणजे शाहीर स्वतः तक्रार करू शकतात. त्यांची सही आणा, मी नोटिशीचा मसुदा देते.

कोकमआगळ
मानधन किती ठरलं होतं? बिल दिलंत का? मुक्त पत्रकारांनी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधीच करून ठेवावी, फुकट होते. मग पैसे थकले तर ४५ दिवसांच्या मुदतीवर बोट ठेवता येतं. मी दोन थकलेली बिलं अशीच वसूल केली.

खाडीकाठ
पैशांचा प्रश्नच नाही हो. १,५०० रुपये बुडाले तरी चालतील.

कोकमआगळ
असं म्हणूनच सगळ्या लिहिणाऱ्यांचे बुडतात.

मिऱ्याबंदर
फेसबुकवर पोर्टलचं नाव घेऊन पोस्ट टाका. शंभर जणांनी शेअर केली की तासाभरात उतरवतील.

कोर्टाची_पायरी
अजिबात नको! ज्यांनी क्लिप पाहिली नाही तेही शोधून पाहतील. नोटीस हाच मार्ग.

मिऱ्याबंदर
तुमच्या नोटिशीला पोर्टल उत्तर देईपर्यंत रविवार उलटून जाईल, ताई.

कुडाळकर
आमच्या पिंगुळीच्या चित्रकथीसाठी (चित्रं दाखवत कथा सांगायची कला) परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कुठे शहरातल्या पत्रकारांना तिकडची वाट सापडली. तुम्ही बाल्या डान्सवर आपणहून लिहिताय, खूप बरं वाटलं. आता एकदा दशावतारावरही लिहा. लेखाची लिंक द्या.

तुरेवाल्याचा_नातू
जाखडी म्हणा. कानात बाली घालणाऱ्या आमच्या माणसांना मुंबईत पडलेलं नाव ते, असं जुनी माणसं सांगतात.

कुडाळकर
माझे वडील गिरणीत होते. चाळीत गणपतीला ते स्वतः पायात चाळ बांधून नाचायचे आणि अभिमानाने "बाल्या नाच" म्हणायचे. त्यांचा शब्द मी नाही टाकणार.

मिऱ्याबंदर
खाडीकाठ, उतरवण्याचं बाजूला ठेवा. संपादकाला निरोप पाठवा की व्हिडिओ फक्त "खाजगी" करा. ते एका बटणाचं काम आहे, लगेच होतं. नंतर सवालाचा भाग ट्रिम करून पुन्हा लावायचा की नाही, ते शाहिरांना विचारून ठरवा.

तुरेवाल्याचा_नातू
खाजगी करा, पण एवढ्यावर थांबू नका. आमच्या दोन ग्रुपवर ती क्लिप कालच आलीय. म्हणजे सवाल फुटलाच. तुम्ही आबांना स्वतः भेटलात का?

खाडीकाठ
नाही. त्यांच्या ढोलकीवाल्या पुतण्याचा फोन आला होता, तोच भडकला होता. आबांना किती कळलंय, माहीत नाही. व्हिडिओ उतरवूनच समोर जावं म्हटलं.

तुरेवाल्याचा_नातू
चूक. सकाळच्या पहिल्या गाडीने जा. तीन-चार दिवस हातात असतील तर शाहीर नवा सवाल बांधेल. रविवारी संध्याकाळी कळलं तर पाचशे माणसांसमोर समोरच्याने तयार उत्तर फेकलेलं ऐकेल. समोरचे आमचेच लोक आहेत, तरी सांगतोय. असा जिंकलेला सामना आमच्या घरात कुणी जिंकला म्हणून सांगत नाही.

खाडीकाठ (गुरुवार, संध्याकाळी ६.४०)
जाऊन आलो. संपादकांनी सकाळी सव्वादहाला व्हिडिओ खाजगी केला. कारण विचारलं तर म्हणाले, "लोकांना आवडत होतं."

आबांना काहीच माहीत नव्हतं. पुतण्याने सांगितलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग वहीतलं ते पान मधोमध दुमडलं, फाडलं नाही, आणि म्हणाले, "लेख छापून आला का? तो वाच." मी वाचून दाखवला. दोन ठिकाणी चुका निघाल्या, एक तालाची, एक त्यांच्या गुरूंच्या गावाची. त्या दुरुस्त करायला पोर्टलला कळवलंय. मसुदा तयार ठेवा ताई, सहीचं ते बारीनंतर बघू म्हणाले.

आता दुसरी मदत हवी आहे. नव्या सवालाच्या दाखल्यासाठी आबांना एक जुनी मराठी पोथी बघायची आहे. त्यांच्याकडची वाळवीने खाल्ली. रत्नागिरी, देवरूख, चिपळूण, कुणाच्याही घरी जुन्या पोथ्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी उद्या स्वतः येऊन फोटो काढतो. पोथीचं नाव इथे लिहीत नाही.

कुडाळकर
देवरूखला माझ्या मावशीकडे पेटारा आहे. व्यनि केलाय.

तुरेवाल्याचा_नातू
नाव लिहू नका. मलाही कळवू नका.