शब्दचर्चा: बंद झालेली मालिका वर्षांनी परत काढली तर तिला काय म्हणायचं?

डिचोलीकर:
मंडळी, एक शब्द हवाय. अमेरिकेतली चॅनेलं गेली काही वर्षं जुन्या विनोदी मालिका उकरून काढतायत त्यावर एका अंकासाठी लेख लिहितोय. 'विल अँड ग्रेस' २००६ला संपलेली ती एनबीसीनं २०१७ला परत आणली, 'मर्फी ब्राउन' १९९८ला संपली ती सीबीएसनं २०१८ला, आणि 'फ्रेझर' तर २००४ला बंद होऊन २०२३ला उगवली, तीही चॅनेलवर नाही, पॅरामाउंट प्लस ह्या स्ट्रीमिंग सेवेवर. तिकडे ह्याला सरळ रिव्हायव्हल म्हणतात. आपल्यात 'पुनःप्रक्षेपण' चालणार नाही, कारण ते लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं रामायण परत दाखवलं त्याला. तेच जुने भाग, नवीन काही नाही. 'पुनरुज्जीवन' म्हटलं की मला एखाद्या आटलेल्या नदीवरचा सरकारी अहवाल वाचतोय असं वाटतं. सुचवा काहीतरी.

नाटकवेडा, फोंडा:
बाब, जड वाटतं ते तुम्हाला, नाटकाच्या जाहिरातीत हा शब्द कधीचा रुळलाय. 'पुनरुज्जीवित नाटक' आणि त्याखाली बारीक टायपात 'मूळ संचात' नाहीतर 'नव्या संचात'. सुनील बर्वेंनी 'हर्बेरियम' ह्या उपक्रमात जुनी नाटकं मोजक्या २५ प्रयोगांपुरती परत आणली तेव्हा कुणाला नदी आठवली नाही. आणि खरी गंमत त्या 'संचात'मध्ये आहे, प्रेक्षक तेच आधी वाचतो, तिकीट काढायचं की नाही ते त्यावर ठरतं. तुमच्याच मालिका घ्या ना. 'विल अँड ग्रेस'मध्ये चौघेही मुख्य नट परत आले, म्हणजे ती मूळ संचात. 'फ्रेझर'मध्ये केल्सी ग्रामर आला पण भावाचं काम करणारा डेव्हिड हाइड पियर्स आला नाही, वडलांचं काम करणारा जॉन महोनी तर २०१८लाच वारला, शहरसुद्धा सिअ‍ॅटल सोडून बॉस्टन केलं. मग ती नव्या संचातच म्हणायची, एक जुना नट असला म्हणून काय झालं. दोन सीझनमध्ये आटोपली ती. रिव्हायव्हल ह्या एका शब्दात हे काही कळतच नाही, आपल्याकडे कळतं.
आपल्या उत्सवी रंगभूमीवर तर कुणी पुनरुज्जीवन वगैरे म्हणतच नाही. देवळाच्या काल्याच्या उत्सवाला ते जुनं ऐतिहासिक नाटक 'परत बसवलं' म्हणतात, संपलं.

अंत्रूजकार:
'जीर्णोद्धार' का नको? गोव्यात हा शब्द पोराटोरांना कळतो. सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी दिवाडी बेटावर मोडलं, देव नदीपलीकडे नार्व्याला आला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ला केला. देव तोच, जागा नवीन, बांधकाम नवीन. 'साराभाई व्हर्सेस साराभाई' २००४ला स्टार वनवर सुरू झालेली, २०१७ला हॉटस्टारवर आली, चॅनेल सोडून मोबाइलवर. हेही तसंच की.

पेडण्याची सून:
अहो पण जीर्णोद्धार पडझड झालेल्याचा करतात! साराभाई कुठे पडली होती, लोक क्लिप फॉरवर्ड करतच होते की. उलट हल्ली जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुनी कौलारू देवळं पाडून वर काँक्रीटचा स्लॅब आणि भिंतीला बाथरूमच्या टाइल्स लावतात, त्या अर्थानं मात्र काही मालिकांना हा शब्द फिट्ट बसेल 😀
आणि एक मालिका अशी आहे तिला 'पुनरुत्थान'च म्हणावं लागेल. 'रोझॅन'. १९९७च्या शेवटच्या भागात सांगून टाकलेलं की नायिकेचा नवरा डॅन हार्ट अटॅकनं केव्हाच गेला, आणि २०१८ला एबीसीनं मालिका परत काढली तर हा चक्क जिवंत! शेजारच्या ईस्टरवाल्या घरात हा शब्द वापरताना जपून, पण इथे दुसरा सुचत नाही. 'विल अँड ग्रेस'नंही तेच केलं, शेवटच्या भागात दोघांना मोठी झालेली मुलं दाखवलेली ती परत येताना गायब. म्हणजे शेवट पुसायचा आणि पुढे चालायचं, ह्याला कुणीतरी शब्द काढा आधी.
मराठीत अजून एक त्रांगडं आहे. 'दिल दोस्ती दुनियादारी'नंतर २०१७ला 'दिल दोस्ती दोबारा' आली, नट बरेचसे तेच पण पात्रं वेगळी, गोष्ट वेगळी. मूळ संच आणि नवीन नाटक! हे तुमच्या जाहिरातीत कुठे बसतं हो नाटकवेडे?

नाटकवेडा, फोंडा:
बसत नाही बाय. ते नवीन नाटकच, नाव फक्त गिऱ्हाईक ओळखीचं म्हणून. तसं सगळंच हे ओळखीवर चालतं, 'रोझॅन'चा परत आलेला पहिला भाग १ कोटी ८० लाखांवर लोकांनी पाहिला, नवीन नावाच्या मालिकेला एवढी गर्दी कोण देणार. अर्थात गर्दी टिकतेच असं नाही, 'मर्फी ब्राउन' १३ भागांत गुंडाळली.

म्हापशाचा मास्तर:
शुद्धलेखनाचं बघून घ्या. पुनर् + उज्जीवन, म्हणून 'पुनरुज्जीवन', रु ऱ्हस्व, ज ला ज जोडलेला. 'पुनरूज्जीवन' आणि 'पुनर्जिवीत' दोन्ही चूक, पेपरात रोज दिसतात तरी. प आला की विसर्ग राहतो म्हणून 'पुनःप्रक्षेपण', 'पुनर्प्रक्षेपण' नाही. पण 'पुनर्निर्मिती' बरोबर. च आला की 'पुनश्च'. त्यावरून आठवलं, 'पुनश्च हरिओम' का नाही कुणी सुचवलं? टिळकांनी तुरुंगातून सुटून आल्यावर केसरीत हेच लिहिलेलं, ज्यानं थांबवलं त्यानंच परत सुरू केलं ह्या अर्थी. मूळ संचातल्या मालिकेला लागू पडेल.

डिचोलीकर:
मग शीर्षकात 'पुनश्च हरिओम', मजकुरात पहिल्यांदा 'पुनरुज्जीवित मालिका' आणि पुढे नुसतं 'परत काढली'. मूळ संच / नवा संच तर घेणारच. 'प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका' असं सिटकॉमला कोशात सापडलं ते मात्र गाळतो, विनोदी मालिका पुरे. आता 'द कॉनर्स'चं सांगा. मुख्य नटी रोझॅन बारच्या ट्वीटवरून मे २०१८ला 'रोझॅन' रद्द झाली आणि ऑक्टोबरात बाकीचे सगळे घेऊन, तिचं पात्र मारून, नाव बदलून तीच परत सुरू केली. ह्याला काय?

पेडण्याची सून:
उरलेल्या संचात.

नाटकवेडा, फोंडा:
हे आवडलं. आणि ती उरलेल्या संचात २०२५पर्यंत चालली, हे लिहा.